माझ्या हातून : घरंगळत्या गोटीच्या व्हिडिओ गेमचे एक वाचन

व्हिडिओ गेमविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते साधारणपणे दोन खात्यांत जमा होते. एक खाते पालकांच्या काळजीचे : मुले किती वेळ खेळतात, डोळे कसे बिघडतात, अभ्यासाचे काय होते. दुसरे खाते तंत्रज्ञानाच्या कौतुकाचे. दोन्ही खाती आपापल्या जागी ठीक आहेत. पण एखाद्या कवितेविषयी किंवा चित्रपटाविषयी आपण जो साधा प्रश्न विचारतो, की या कृतीत नेमके काय घडते आणि ती आपल्याकडून काय करवून घेते, तो प्रश्न गेमच्या वाट्याला फारसा येत नाही. मी कोणत्याही विद्यापीठाचा अभ्यासक नाही. जे काही जमवले ते जुनी मासिके, जुनी यंत्रे आणि स्वतःची दोन मनगटे यांच्या आधारे. त्याच शिदोरीवर प्रस्तुत लेखात एका छोट्या प्रकाराकडे मी पाहणार आहे : उतारावरून गोटी घरंगळवत नेण्याचा कोड्याचा गेम. त्यातही मुख्यतः एक कृती, ‘कोरोरिन्पा’. ती हडसन सॉफ्ट या जपानी कंपनीने २००६च्या डिसेंबरात निन्टेंडोच्या ‘वी’ या कन्सोलसाठी आणली.

एवढा क्षुल्लक विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. या गेममध्ये ना कथानक आहे, ना युद्ध, ना माणसे. हवेत तरंगणारी एक वाट, तिच्यावर एक गोटी, वाटेत विखुरलेले काही नारिंगी स्फटिक आणि शेवटी एक मुक्काम. स्फटिक गोळा करायचे, गोटी मुक्कामाला न्यायची. वाटेला बहुतेक ठिकाणी कठडा नाही, त्यामुळे गोटी पडते. सगळा ऐवज एवढाच. पण ऐवज इतका थोडा असल्यामुळेच एक गोष्ट इथे स्वच्छ दिसते, जी मोठ्या गेममध्ये पात्रांच्या आणि प्रसंगांच्या गर्दीत झाकली जाते. ती म्हणजे कर्ता कोण, हा प्रश्न. गोटी कोण हलवते?

जुनी लाकडी पेटी

हा प्रकार पडद्यावर जन्मलेला नाही. १८८९ साली अमेरिकेत चार्ल्स क्रॅन्डल या खेळणी बनवणाऱ्याचे ‘पिग्ज इन क्लोव्हर’ नावाचे हातात धरायचे कोडे बाजारात आले आणि त्याचे वेडच पसरले. एकात एक अशी गोल कुंपणे, त्यांना फटी, आणि गोट्यारूपी डुकरे. पेटी हातात धरून हलकेच कलवायची आणि सगळी डुकरे मधल्या खुराड्यात घालायची. एक आत गेले की दुसऱ्यासाठी कलवताना पहिले बाहेर येते, हीच त्यातली गंमत आणि हाच छळ. पुढे १९४६मध्ये स्वीडनच्या ब्रिओ कंपनीने ‘लॅबिरिंथ’ हा लाकडी खेळ आणला. पेटीच्या दोन बाजूंना दोन मुठी. एक फिरवली की पट पुढे-मागे कलतो, दुसरी फिरवली की डावी-उजवीकडे. पटावर आखलेली वाट आणि साठ भोके. हा खेळ आजही विकला जातो.

आपल्याकडच्या गोट्यांशी याची तुलना केली, तर फरक चटकन कळतो. गल्लीतल्या गोट्यांत नेम महत्त्वाचा. बोट ताणून सोडले की गोटीवरचा ताबा संपतो. पुढे ती गलीत जाते किंवा जात नाही. तिथे खेळाडू गोटीला थेट ढकलतो. क्रॅन्डलच्या आणि ब्रिओच्या पेटीत गोटीला स्पर्श करायलाच मनाई आहे. स्पर्श करायचा तो जमिनीला. गोटी आपल्या स्वभावाप्रमाणे उताराकडे जाते. आपण फक्त उतार कुठे असावा हे ठरवतो. खेळाचे हे दोन वंश वेगळे आहेत, आणि व्हिडिओ गेमच्या इतिहासात दोन्ही दिसतात.

ढकलणारा हात

पहिल्या वंशाची ठळक कृती म्हणजे अटारी गेम्सचा ‘मार्बल मॅडनेस’. १९८४च्या डिसेंबरात तो आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या उभ्या यंत्रांच्या दुकानांत आला. त्याचा रचनाकार मार्क सर्नी तेव्हा वीस वर्षांचा होता. (हाच माणूस पुढे प्लेस्टेशन ४ आणि ५ या यंत्रांचा प्रमुख रचनाकार झाला.) सर्नीवर छोट्या गोल्फच्या मैदानांचा आणि एशर या डच चित्रकाराच्या चक्रावून टाकणाऱ्या जिन्यांचा प्रभाव होता, आणि गेमच्या सहा वाटा पाहताना तो जाणवतो. यंत्रावर एक ट्रॅकबॉल बसवलेला असे. तळहाताने तो जोरात फिरवायचा आणि पडद्यावरच्या गोटीला त्या दिशेने गती द्यायची. म्हणजे हातातला गोळा हीच जणू पडद्यावरची गोटी. वेळ संपत आलेली, समोरून काळी गोटी धक्के द्यायला येते, हिरवे आम्ल वाट अडवते, आणि आपण तळहात लाल होईपर्यंत गोळा फिरवत राहतो.

इथे कर्ता निःसंशय मी आहे. मी गोटी ढकलली, मी ती वाचवली, मी ती पाडली. पाचव्या वाटेवर गेम हेच उलटे करून दाखवतो : तिथे गोटी चढणीवर चढू लागते, खेळाडूने तोवर शिकलेले सगळे निरुपयोगी होते. हा विनोद चांगला आहे, पण तो विनोद म्हणूनच येतो. जमीन ही ‘मार्बल मॅडनेस’मध्ये नेपथ्य आहे, खेळाडूचा तिच्याशी व्यवहार नाही.

हा गेम १९८९मध्ये निन्टेंडोच्या घरगुती कन्सोलवर आला, तेव्हा ट्रॅकबॉल गेला आणि अंगठ्याने दाबायची चार दिशांची फुली आली. वाटा त्याच, रंग जवळपास तेच. पण तिरक्या कोनातून दाखवलेल्या वाटेवर सरळ फुलीने कसे चालायचे, ही अडचण उभी राहिली. म्हणून सुरुवातीलाच खेळाडूला विचारले जाई, की कंट्रोलर सरळ धरणार की ४५ अंशांत वळवून. मला हा प्रश्न फार बोलका वाटतो. अनुवादकाने प्रस्तावनेत मान्य करावे, की मूळ भाषेतला एक प्रत्यय आपल्या भाषेत नाही, वाचकाने मान थोडी तिरकी करून वाचावे, तसा तो आहे.

जमीन कलवणारा हात

दुसरा वंश पडद्यावर जोमाने आला तो २००१मध्ये, सेगाच्या ‘सुपर मंकी बॉल’मधून. तोशिहिरो नागोशी यांच्या चमूचा हा गेम आधी आर्केडमध्ये होता आणि तिथली नियंत्रणाची दांडी चक्क केळ्याच्या आकाराची होती. गेमक्यूब या कन्सोलवर तो आला तेव्हा दांडीची जागा अंगठ्याच्या छोट्या स्टिकने घेतली. पारदर्शक गोळ्यात एक माकड बसलेले आहे. स्टिक पुढे केली, की माकड पुढे जात नाही. सगळी जमीन पुढच्या बाजूला कलते आणि म्हणून गोळा घरंगळतो. पडद्यावर क्षितिजच तिरके होते. सोप्या पातळीला दहा, मधल्या पातळीला तीस आणि अवघड पातळीला पन्नास मजले. अवघड मजल्यांवर वाट इतकी अरुंद, की कलाचा एखादा अंश जास्त झाला तरी माकड खाली.

इथे कर्त्याची जागा सरकली. पण पूर्ण सरकली नाही, कारण अंगठा अजूनही दिशेचीच भाषा बोलत होता. गेमक्यूबच्या स्टिकभोवती आठ कोनांची खोबण आहे. अंगठा त्या कोनात टेकवला, की सरळ रेषा आपोआप मिळते. सरावलेला खेळाडू जमीन विसरतो आणि गोळाच चालवू लागतो. जमीन कलते आहे हे डोळ्यांना दिसते. हाताला ते कळत नाही.

‘कोरोरिन्पा’ने ही उरलेली फट बुजवली. वीचा रिमोट हातात आडवा धरला, की तीच पटाची चौकट. रिमोट जितका कलेल तितकी वाट कलते. आणि कलण्याला आठदहा अंशांची मर्यादा नाही. वाट ९० अंशांपर्यंत वळवता येते, म्हणजे मघाची भिंत आता जमीन होते आणि मघाची जमीन भिंत. कोड्याचा खरा अर्थ इथेच आहे. वाट पुढे संपलेली दिसते, पण हात वळवला तर तिच्या कडेवरूनच पुढची वाट निघते. दर वेळी ती सापडते तेव्हा होणारा आनंद चांगल्या कोट्याच्या आनंदासारखा आहे : शब्द तोच, बाजू दुसरी.

खोलीतले गुरुत्वाकर्षण

यामागचे यंत्र समजून घेणे टीकेच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. वीच्या रिमोटमध्ये एक बारीक त्वरणमापक चिप बसवलेली होती. रिमोट स्थिर असतो तेव्हा तिला एकच त्वरण जाणवते : पृथ्वीचे. ते तिच्या तीन अक्षांवर कसे वाटले गेले आहे, यावरून रिमोट किती कलला हे ठरते. म्हणजे पडद्यावरच्या खोट्या गोटीला खाली ओढणारी दिशा आपल्या खोलीतल्या खऱ्या गुरुत्वाकर्षणावरून ठरते. मला असा दुसरा कलाप्रकार चटकन आठवत नाही, ज्यात वाचकाच्या घरातले गुरुत्वाकर्षण कृतीचा भाग होते.

या चिपला एक गोष्ट मुळीच कळत नाही. रिमोट टेबलावर सपाट ठेवून घड्याळाच्या काट्यासारखा फिरवला, तर गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने काहीच बदलत नाही, म्हणून चिपलाही काही कळत नाही. तलवारबाजीच्या किंवा नेमबाजीच्या गेमसाठी ही मोठी उणीव होती, आणि ती भरून काढायला निन्टेंडोने २००९मध्ये मोशनप्लस हे वेगळे जोडयंत्र आणले. पण गोटीच्या पेटीचे पाहा. पेटी सपाट धरून नुसती हळू फिरवली, तर गोटीलाही उतार मिळत नाही. यंत्राला जे कळत नाही, त्याचे गोटीलाही देणेघेणे नाही. साधन आणि विषय इतके नेमके जुळणे क्वचित घडते. वीवर रिमोट झटकायला, नाचवायला लावणारे गेम उदंड आले. माझ्या मते त्या यंत्राची खरी प्रकृती ओळखली ती या शांत गेमने.

गोटीच्या चालीबद्दलही एक नोंद करायला हवी. भरीव गोळा न घसरता उतारावरून घरंगळतो, तेव्हा त्याचे त्वरण घर्षणरहित घसरणाऱ्या वस्तूच्या पाच-सप्तमांश असते. उरलेला वाटा त्याच्या स्वतःभोवती फिरण्यात जातो. पाच अंशांच्या उतारावर एक मीटर जायला त्याला सुमारे १.८ सेकंद लागतात. म्हणजे हाताने चूक केली आणि चूक डोळ्यांना दिसली, यांच्यामध्ये एक छोटा अवकाश असतो. या अवकाशातच सगळा खेळ आहे. चूक झालेली आहे, परिणाम अजून व्हायचा आहे, आणि हात उलटा कलवून तो टाळता येईल का हे पाहायचे आहे. घाबरून जास्त कलवले, तर गोटी दुसऱ्या कडेने जाते.

शास्त्राच्या दृष्टीने भरीव गोळ्याच्या आकाराने किंवा वजनाने हे त्वरण बदलत नाही. ‘कोरोरिन्पा’त मात्र वेगवेगळ्या गोट्या मिळवता येतात, काही प्राण्यांच्या रूपातल्या, आणि त्यांची चाल वेगवेगळी आहे. ही सवलत मी कवीने व्याकरणाकडून घ्यावी तशी मानतो. तिच्यामुळे तीच वाट दुसऱ्या स्वभावाच्या सोबत्याबरोबर पुन्हा चालता येते.

गेमचे नावही या चालीवरूनच आले आहे. जपानीत ‘कोरोकोरो’ हा छोटी, हलकी वस्तू घरंगळण्याचा अनुकरणवाचक शब्द आहे. वस्तू जड असेल तर ‘गोरोगोरो’, आणि ढगांच्या गर्जनेलाही ‘गोरोगोरो’च. आपल्याकडे धोंडा गडगडतो आणि ढगही गडगडतात. गोटी मात्र घरंगळते. दोन अगदी दूरच्या भाषांनी घरंगळणाऱ्या वस्तूचे वजन कानाने तोलले आणि जड वस्तूला मेघाच्या शेजारी बसवले, हे मला विलक्षण वाटते.

पाडणे, पडणे आणि हातून पडणे

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत : पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे. ‘मी कप फोडला’ म्हटले, की हेतू माझा. ‘कप फुटला’ म्हटले, की मी त्या वाक्यात नाहीच. या दोहोंच्या मध्ये आपण रोज वापरतो ती तिसरी रचना आहे : ‘माझ्या हातून कप फुटला.’ शाळेतल्या व्याकरणाप्रमाणे इथे कर्ता कपच राहतो. पण मी वाक्यातून पळून गेलेलो नाही. हेतू नव्हता, हात माझाच होता, असे हे वाक्य सांगते. घरातली थोरली माणसे मुलांकडून नेमके हेच वाक्य ऐकू इच्छितात. ‘फुटला’ म्हटले तर ‘आपोआप फुटला का?’ असा उलटा प्रश्न येतो.

बहुसंख्य गेम पहिल्या वाक्यात बोलतात : मी मारले, मी जिंकले. नशिबावर चालणारे गेम दुसऱ्या वाक्यात : फासा पडला, पान लागले. ‘कोरोरिन्पा’ तिसऱ्या वाक्यात बोलतो. गोटी पडते तेव्हा मी तिला पाडलेले नसते; तिला तर मी शिवलोही नाही. पण उतार मी केला होता. मी सर्वसमर्थ नाही, कारण गोटी माझे ऐकत नाही, उताराचे ऐकते. मी निर्दोषही नाही, कारण उतार माझ्या मनगटाचा. जबाबदारीची ही मधली जागा आपल्या प्रत्यक्ष जगण्याच्या फार जवळची आहे. मुलांना वाढवताना, संस्था चालवताना, म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळताना आपण क्वचितच कुणाला ढकलत असतो. बहुतेक वेळ आपण उतार करत असतो, आणि पुढे जे होते ते आपल्या हातून होते. हा गेम हे शिकवण्यासाठी बनवला असे मी म्हणत नाही. तो खेळताना हात या वाक्यरचनेत काम करतो, एवढाच माझा दावा आहे.

उणिवा

दोष सांगायला हवेत. गेम छोटा आहे. चाळीसहून थोड्या अधिक वाटा सरावलेला माणूस एकदोन सुट्ट्यांत संपवतो. उरते ते वेळ कमी करण्याचे आणि लपलेले हिरवे स्फटिक शोधण्याचे काम. २००९मध्ये आलेल्या ‘मार्बल सागा : कोरोरिन्पा’ या पुढच्या भागाने वाटांची संख्या शंभरावर नेली, स्वतः वाट रचण्याची सोय दिली, पायाखालच्या बॅलन्स बोर्डवर उभे राहून खेळण्याचीही. पण त्याचबरोबर एक मुंगी आणि सोनेरी सूर्यफुलाचा शोध अशी कथा वरून चिकटवली. कथा गोड आहे. ती वाटांमध्ये कुठेही उतरत नाही. उतार, कड आणि तो पावणेदोन सेकंदांचा अवकाश यांत जे नाट्य होते, त्यावर रचनाकारांचाच विश्वास उडाला की काय, असे वाटत राहते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. गेम स्थिर मनगट गृहीत धरतो. पन्नाशीनंतर माझ्या उजव्या हाताला थोडी थरथर आहे. कप धरताना ती दिसत नाही, सही करताना किंचित दिसते. भाच्याने परदेशातून आणलेल्या जुन्या वीवर मी हा गेम खेळतो तेव्हा अरुंद वाटेवर माझी गोटी सतत बारीक हेलकावे खाते. स्टिकचा गेम अशी थरथर अंगठ्याच्या खोबणीत झाकून टाकतो. हा गेम ती वाटेवर लिहून दाखवतो. माझी वाट भाच्याच्या वाटेपेक्षा खरोखरच अरुंद आहे. ज्यांचा हात याहून अधिक कापतो, त्यांच्यासाठी कलाची संवेदनशीलता कमी करण्याची सोय हवी होती. पण हेही मान्य करतो, की दुसऱ्या कोणत्या गेमने माझ्या हाताचे इतके प्रामाणिक वाचन केलेले नाही.

काय जपायचे?

हे सगळे आजच लिहिण्याचे कारण आहे. हडसन सॉफ्ट ही १९७३मध्ये सापोरो शहरात सुरू झालेली कंपनी २०१२मध्ये कोनामीत विलीन झाली. वीची दहा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली, पण आता ती बनत नाहीत. गेमची तबकडी आणि तिच्यातली माहिती जपता येईल. आजच्या संगणकावर ती चालवण्याची साधनेही आहेत. प्रश्न हा, की रिमोटऐवजी माउसने किंवा स्टिकने खेळलेला ‘कोरोरिन्पा’ हा ‘कोरोरिन्पा’ असतो का?

याचे उत्तर कल्पनेने देण्याची गरज नाही, शेजारचे उदाहरण आहे. २००६मध्येच सेगाने वीसाठी ‘सुपर मंकी बॉल : बनाना ब्लिट्झ’ आणला होता, त्यातही रिमोट कलवून जमीन कलवायची. २०१९मध्ये तो नव्या यंत्रांसाठी पुन्हा काढला, चित्रे अधिक स्वच्छ केली, आणि नियंत्रण मात्र स्टिककडे सोपवले. मनगटाच्या सावकाश वळणासाठी रचलेल्या वाटा अंगठ्याच्या झटक्यांसाठी कराव्या लागल्या. माकड तेच, केळी तीच. पण ‘माझ्या हातून पडले’ हे वाक्य पुन्हा ‘मी चालवले, मी पाडले’ असे झाले. चित्र सुधारले आणि व्याकरण बदलले. विकताना चित्राचीच जाहिरात होते, कारण व्याकरण फोटोत येत नाही.

म्हणून जुन्या गेमचे संग्रह करणाऱ्यांनी तबकडीबरोबर रिमोट जपावा, हे तर झालेच. पण रिमोटचे प्लास्टिक आणि चिपही कधीतरी निकामी होतील. तेव्हा उरेल ते वर्णन : हात कसा धरला जात होता, किती कलाला गोटी किती धावत होती, चूक कळायला किती वेळ लागत होता, थरथरत्या हाताला वाट कशी दिसत होती. नाटकाचा प्रयोग संपल्यावर आपल्याकडे संहिता उरते. नटाने ते वाक्य कसे म्हटले हे कळते ते पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले म्हणून. मराठी रंगभूमीच्या अभ्यासकांना हे वेगळे सांगायला नको. गेमच्या बाबतीत खेळणारा हाच नट आणि हाच प्रेक्षक, त्यामुळे ते काम त्यालाच करावे लागेल. ज्यांच्या घरी माळ्यावर एखादे जुने कन्सोल अजून चालू अवस्थेत आहे, त्यांनी या दिवाळीत ते खाली काढून खेळावे, आणि हाताला काय कळले ते चार ओळींत मराठीत लिहून ठेवावे.